किकर व्हायचंय? लांब मारण्याचं नंतर बघू

न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासच्या मराठी घरांतून हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. पोरगा लहानपणापासून सॉकर खेळतोय, पाय बरा आहे आणि हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या कोचने किक मारून बघायला बोलावलंय. पाठवू का? आमचे चिरंजीव याच वाटेने कॉलेजच्या टीमपर्यंत पोहोचले आणि खेळत खेळत डिग्री घेऊन बाहेर पडले, म्हणून लोक मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. खुशाल पाठवा, फक्त लांबीच्या नादाला लागू देऊ नका.

सॉकरमधून किकर, म्हणजे टीमसाठी फक्त किक मारणारा खेळाडू, ही वाट काही आजची नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, मूळच्या हंगेरीच्या पीट गोगोलाकने कॉर्नेल विद्यापीठाकडून खेळताना तिरकं धावत येऊन पायाच्या पाठीने बॉल मारायला सुरुवात केली. तोवर सगळे सरळ धावत येऊन बुटाच्या टोकाने मारत. त्याचा धाकटा भाऊ चार्ली प्रिन्स्टनकडून तसाच खेळला. आज टोकाने मारणारा शोधूनही सापडायचा नाही.

खेळ नवा असेल त्यांच्यासाठी थोडा हिशोब. फील्ड गोलचे, म्हणजे बॉल किक मारून गोलपोस्टच्या मधून घालवण्याचे 3 गुण. बॉल घेऊन गोल लाइनपलीकडे पोहोचलं की टचडाउन, आणि त्यानंतरच्या एक्स्ट्रा पॉइंटच्या किकचा 1. बॉल जिथून मागे फेकला जातो त्या रेषेपासून साधारण 7 यार्ड मागे तो किकसाठी टेकवतात, आणि गोलपोस्ट एंड झोनच्या, म्हणजे गोल लाइनपलीकडच्या पट्ट्याच्या शेवटी, 10 यार्ड आत. म्हणून त्या रेषेपासून गोल लाइनपर्यंतच्या यार्डांत 17 मिळवायचे की किकची लांबी निघते. कॉलेजात एक्स्ट्रा पॉइंट 3 यार्डांवरून, म्हणजे किक 20 यार्डांची. टीव्हीवर ती फुटकळ वाटते. किकरची नोकरी जाते ती मात्र बहुतेक अशाच किक चुकल्यावर.

हायस्कूलमधून कॉलेजात जाताना तीन गोष्टी एकदम बदलतात आणि त्या आधी कोणी नीट सांगत नाही. हायस्कूलचे गोलपोस्ट 23 फूट 4 इंच रुंद असतात, कॉलेजचे 18 फूट 6 इंच. जवळपास पाच फूट गेले. दुसरं, हायस्कूलमध्ये बॉलखाली दोन इंचांपर्यंतचा ठोकळा, म्हणजे टी, चालतो. कॉलेजात फील्ड गोलसाठी टी वापरायला 1989 पासून बंदी आहे, बॉल थेट जमिनीवर. तिसरं म्हणजे वेळ. कॉलेजात समोरचे अंगापिंडाने मोठे आणि चपळ असतात, त्यामुळे स्नॅप, म्हणजे मागे फेकलेला बॉल, सुटल्यापासून बॉल पायावरून निघेपर्यंत साधारण 1.3 सेकंद मिळतात. म्हणून दहावी-अकरावीपासूनच सराव जमिनीवरून करायचा. ठोकळ्यावरून 50 यार्ड मारणाऱ्या मुलाचं कौतुक नातेवाईक करतात, कॉलेजचे कोच करत नाहीत.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतो कारण कित्येक रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर गुडघा टेकून बॉल मीच धरायचो. बॉल धरणाऱ्याचं, म्हणजे होल्डरचं काम दिसायला सोपं. बॉलच्या वरच्या टोकावर एक बोट ठेवायचं, बॉल किंचित आपल्याकडे कललेला हवा, आणि लेसची शिवण गोलपोस्टच्या दिशेला. शिवण पायाकडे आली की बॉल मनाला येईल तिकडे जातो. किकर मागे तीन पावलं जातो, बाजूला दोन, मान खाली घालून थांबतो. मग माझ्या कानाजवळून बुटाचा वारा जायचा. टेकवायचा पाय बॉलच्या शेजारी कुठे पडतोय हे तिथून जितकं स्वच्छ दिसतं तितकं स्टँडमधून कधीच दिसत नाही. तो दोन इंच इकडेतिकडे झाला की किक डावीकडे ओढली जायची किंवा उजवीकडे निसटायची. आवाजावरूनच कळायचं. नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीत बॉल थंडीने दगड होतो, दबत नाही, आणि सप्टेंबरातले पाच-सात यार्ड हिवाळा खाऊन टाकतो. तेव्हा आपल्या पल्ल्याचा आकडा थंडीतला धरावा.

आणि अति सराव नको. आपल्याकडे रियाज म्हटला की तासन्तास, पण इथे जांघेचे स्नायू त्याचा हिशोब चुकता करतात. चांगले कोच किकरच्या किक मोजून देतात. उरलेला वेळ किकर, पंटर (हातातून बॉल सोडून लांब मारणारा) आणि लाँग स्नॅपर (किकसाठी बॉल मागे फेकणारा) मैदानाच्या कडेला आपल्यातच असतात. बाकीची टीम घाम गाळत असते आणि हे तिघं फुकट जेवणारे जावई, अशी चेष्टा चालते. ती हसून घ्यावी. सरावाच्या शेवटी मात्र कोच शंभरेक पोरांना किकरभोवती गोळा करतो, आरडाओरडा करायला सांगतो आणि एकच किक देतो. बसली तर सगळ्यांना धावणं माफ. चुकली तर त्या रात्री मेसमध्ये कोणाशेजारी बसायचं हे तुमच्या पोराने ठरवायचं.

आता पैशांचं, कारण खरा प्रश्न तोच असतो. बहुतेक किकर स्कॉलरशिपवर येत नाहीत, वॉक-ऑन म्हणून येतात. टीममध्ये जागा, फी आपली. एखाद-दोन मोसम निभावले की स्कॉलरशिप मिळू शकते. आमच्याकडे पहिलं वर्ष रेडशर्टमध्ये, म्हणजे सामने न खेळता नुसत्या सरावात गेलं, नंतर नुसते किकऑफ (खेळ सुरू करायच्या किक), त्यानंतर फील्ड गोल आणि शेवटी शेवटी अर्धीमुर्धी स्कॉलरशिप. कॉलेज खेळाडूंच्या पैशांवरच्या हाउस खटल्याच्या 2025 च्या तडजोडीनंतर ती मान्य केलेल्या कॉलेजांत स्कॉलरशिपच्या संख्येवरची मर्यादा गेली, पण फुटबॉल टीमच फार तर 105 जणांची झाली. याचा फटका वॉक-ऑनना बसतो. तिसरा किकर ठेवायची चैन आता कोणाला परवडत नाही. शिवाय खेळाडूंना कॉलेज बदलू देणारं ट्रान्सफर पोर्टल आहे. दोन वर्षं रांगेत थांबावं आणि तिसऱ्या वर्षी दुसऱ्या कॉलेजचा तयार किकर डोक्यावर येऊन बसावा, हे सर्रास होतं. चिडून उपयोग नाही, उद्या तोच दरवाजा आपल्यालाही उघडा असतो.

म्हणून माझं मत जरा वेगळं आहे. प्रिन्स्टन-कॉर्नेलसारख्या जुन्या नामांकित विद्यापीठांची आयव्ही लीग खेळासाठी स्कॉलरशिप देत नाही, कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटाची, म्हणजे डिव्हिजन थ्रीची कॉलेजंही देत नाहीत. पण एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन यांच्या फुटबॉल टीम डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात, हे आपल्या किती पालकांना ठाऊक असतं? मुलगा अभ्यासात चांगला असेल तर शनिवारच्या टीव्हीवरच्या कॉलेजांपेक्षा आधी ही यादी बघा.

घर अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत असेल तर आणखी एक. नाव आणि चेहऱ्याचे पैसे खेळाडूंना 2021 पासून घेता येतात, पण एच-4 (पालकांच्या एच-1बी वर अवलंबून) किंवा एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर असलेल्या मुलाने तशा कुठल्याही कागदावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारायलाच हवं. व्हिसा गमावण्याइतके पैसे किकरला कोणी देत नाही.

मानसिक बाजूवर लोक फार बोलतात, मी थोडक्यात आटपतो. 2013 च्या ऑबर्न-अलाबामा सामन्यात अलाबामाच्या केड फॉस्टरच्या किक हुकल्या, शेवटच्या सेकंदाची 57 यार्डांची किक दुसऱ्या किकरने मारली, ती तोकडी पडली आणि ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने ती झेलून थेट टचडाउनपर्यंत नेली. फॉस्टरला धमक्या आल्या. माजी राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुश यांनी त्याला धीराचं पत्र लिहिलं. तेव्हा मोसम सुरू असताना फोनमधली सोशल मीडियाची ॲप्स काढायला लावा. आमच्या घरात यावर वाद झाला, मी जिंकलो.

एनएफएलचं, म्हणजे व्यावसायिक लीगचं स्वप्न बघायला हरकत नाही, पण 32 टीम आणि बहुधा प्रत्येकी एक किकर. रॉबर्टो अग्वायोने कॉलेजात सर्वोत्तम किकरचा लू ग्रोझा पुरस्कार मिळवला, 2016 च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएल टीम नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) दुसऱ्या फेरीत गेला आणि एका मोसमानंतर टीमबाहेर झाला. उलट ब्रँडन ऑब्री कॉलेजात सॉकर खेळला, मग सॉफ्टवेअर इंजिनिअर झाला आणि 2023 मध्ये डॅलस काउबॉइजचा किकर म्हणून उभा राहिला. आपल्या आयांना ही दुसरी गोष्ट फार आवडते.

कोचला पाठवायचा व्हिडिओ तीन मिनिटांच्या आत ठेवा. कॅमेरा किकरच्या पाठीमागे, गोलपोस्ट पूर्ण दिसतील असा. बॉल जमिनीवर, अंतर आणि वारा लिहिलेला, आणि दोन्ही हॅशवरून, म्हणजे मैदानाच्या मध्याच्या डाव्या-उजव्या खुणांवरून मारलेल्या किक हव्यातच, कारण जवळून पण कडेने मारताना कोन अरुंद होतो आणि नवखे नेमके तिथे चुकतात. सलग दहा किक न कापता दाखवा, त्यात एखादी चुकलेली असली तरी राहू द्या. गाणं लावू नका. मार्कशीट ईमेलमध्येच जोडा. उन्हाळ्याच्या कॅम्पला गेलात की ज्या कॉलेजात जायचंय त्याचा स्पेशल टीम्सचा (किक मारणाऱ्या गटाचा) कोच तिथे येणार आहे का, हे फी भरण्याआधी विचारून घ्या.