कॉलेज बदललं आणि शिष्यवृत्ती अडकली? या चुका टाळा

चिमूर, सिंदेवाहीकडची पोरं-पोरी पहिलं वर्ष गावाजवळच्या कॉलेजात काढतात आणि दुसऱ्या वर्षाला नागपूर गाठतात. गोंडवाना विद्यापीठातून नागपूर विद्यापीठात जायचं म्हणून टीसी, मायग्रेशन, गुणपत्रिका हे सगळं धावपळ करून गोळा होतं. शिष्यवृत्ती मात्र दिवाळीनंतर आठवते, तीही नव्या कॉलेजच्या बाबूनं फी मागितली की.

सगळ्यात महागात पडणारी चूक जुन्या कॉलेजातच होते. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीच्या नियमात सरळ लिहिलं आहे की राज्य शासनाची पूर्वपरवानगी न घेता कॉलेज किंवा विषय बदलला तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. वर्ष अर्धवट सोडलं तर घेतलेली रक्कम परतही मागितली जाते. हा नियम पोरांना कोणी सांगत नाही. म्हणून टीसीचा अर्ज करतानाच दुसरा एक अर्ज प्राचार्यांमार्फत द्या: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या नावे, आदिवासी विद्यार्थ्यांनी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या नावे. कॉलेज का बदलतोय हे त्यात दोन ओळींत लिहा आणि शिक्क्याची पोच घ्या. तोंडी ‘हो, करून टाकतो’ याला काही किंमत नाही.

त्याच दिवशी महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या सरकारी पोर्टलवर, मागच्या वर्षाच्या अर्जाची स्थिती बघा. अर्ज कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला पडून आहे, की त्रुटी काढून तुमच्याकडे परत पाठवलाय? परत आलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागतो, आणि त्याचा मेसेज जातो नोंदवलेल्या मोबाईलवर. तो नंबर निघतो नेट कॅफेवाल्याचा, नाहीतर रिचार्ज न केल्यानं बंद पडलेल्या सिमचा. एकदा नागपूरला गेलात की त्या लिपिकासमोर उभं राहायला एसटीचं भाडं आणि एक दिवस मोडावा लागतो. तेव्हा गावात आहात तोवरच हे मिटवा.

पासवर्ड विसरला म्हणून दुसऱ्या युजरनेमनं नवीन प्रोफाइल काढणं हा तर हमखास गोंधळ. जुनंच प्रोफाइल आधारच्या ओटीपीनं उघडा आणि त्यातच नवं कॉलेज भरा.

मग बँक. “सर, साइटवर पैसे जमा दाखवते, खात्यात तं एक रुपयाबी नाही आला.” ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. पैसे बहुतेक वेळा आलेले असतात, पण भलत्याच खात्यात. डीबीटीची, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारी, रक्कम अर्जाला जोडलेलं पासबुक पाहून जात नाही. आधार शेवटी ज्या बँकेशी डीबीटीसाठी जोडलं, तिथे ती जाते. नागपुरात रूमवर राहायला आल्यावर नवं खातं उघडलं, किंवा सिम घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं काढून दिलं, की जोडणी तिकडे सरकू शकते. माय-आधार पोर्टलवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडलं की बँकेचं नाव समोर येतं. दोन मिनिटांचं काम आहे, अर्ज भरायच्या आधी करा. ज्यांचं खातं विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होतं, त्यांची बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. नाव बदललं म्हणून घाबरायचं कारण नाही, फक्त केवायसीमुळे खातं गोठलेलं नाही ना, तेवढं शाखेत विचारून घ्या.

घरून ये-जा करणारा विद्यार्थी शहरात वसतिगृहात राहायला लागला, तरी अर्जात ‘अनिवासी’ तसंच राहून जातं. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर योजनेत बीए, बीएस्सीला अनिवासी विद्यार्थ्याला वर्षाला ३,००० रुपये भत्ता आहे, वसतिगृहातल्याला ६,०००. एका चुकीच्या खुणेनं निम्मे पैसे जातात.

शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, तर अनुसूचित जातीसाठी राहण्या-जेवणाच्या खर्चाची स्वाधार योजना आहे. तिच्यात नागपुरात वर्षाला ६०,००० आणि अमरावतीत ५१,००० रुपये ठरलेले. पण आधी वसतिगृहाचा अर्ज केलेला हवा. ‘नंबर लागणारच नाही’ म्हणून तो अर्जच न करणारे इथेच अडतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तीही पाहा.

डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांनी एक गोष्ट प्रवेशाआधीच विचारावी: जागा कॅप फेरीतली, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतली, आहे का? राजर्षी शाहू महाराज शुल्क योजनेला ८ लाखांपर्यंतचं उत्पन्न चालतं, पण व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश चालत नाही. मुलींना २०२४-२५ पासून मिळणाऱ्या पूर्ण शुल्कमाफीचंही तसंच. एजंट हे सांगणार नाही, त्याला जागा भरायची असते.

उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे का ते तपासा. जुना निघाला तर तलाठ्याचा अहवाल घेऊन आपल्याच तालुक्याच्या सेतू केंद्रात अर्ज टाका, नागपुरात तो मिळत नाही.