ऑब्जेक्ट तयार होताना कंपायलर नेमकं काय करतो?

सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन इंजिनिअरिंग करणारी मुलं माझ्याकडे शंका घेऊन येतात. कन्स्ट्रक्टरचा, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या कोडचा, क्रम त्यांना तोंडपाठ असतो: आधी बेस (मूळ क्लास), मग डिराइव्ह्ड (त्यावरून बनवलेला सबक्लास). पण असं का, हे विचारलं की गाडी अडते. मला हा विषय समजला तो कंपायलरनं बनवलेला कोड उघडून बघितल्यावर. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

जावात 'माल' नावाचा क्लास लिहा आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरमधून 'छाप' ही मेथड कॉल करा. 'हळद' हा त्याचा सबक्लास. त्यात पोत्याचं वजन हे फील्ड (ऑब्जेक्टमधलं व्हेरिएबल), इंट, 50. आणि 'छाप' ओव्हरराइड करून, म्हणजे हळदीत नव्यानं लिहून, तेच वजन छापायचं. हळदीचा ऑब्जेक्ट तयार केलात की स्क्रीनवर 50 नाही, 0 येतो.

आता क्लास फाइलवर जावाप (javap, कंपायलरनं बनवलेला बायटकोड दाखवणारं टूल) चालवा, मायनस सी (-c) लावून. हळदीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये पहिला कॉल मालच्या कन्स्ट्रक्टरला आहे. बायपुश 50 (50 ही व्हॅल्यू घे) आणि पुटफील्ड (ती फील्डमध्ये ठेव) या सूचना त्याच्या खाली. म्हणजे फील्डसमोर आपण लिहिलेलं '= 50' जावासी (javac, जावाचा कंपायलर) उचलतो आणि कन्स्ट्रक्टरमध्ये, सुपरच्या म्हणजे मालच्या कन्स्ट्रक्टरच्या कॉलनंतर नेऊन ठेवतो. 'छाप' चालली तेव्हा फील्डमध्ये जेव्हीएमनं (जावाचा प्रोग्रॅम चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीननं) मेमरी देताना भरलेलं शून्यच होतं. त्याच फील्डला फायनल करून बघा, 50 येईल! आता तो कंपाइल-टाइम कॉन्स्टंट, म्हणजे कंपाइल होतानाच ठरलेली व्हॅल्यू झाला, त्यामुळे 'छाप'मध्ये जावासीनं थेट 50 बसवला.

लोकल (मेथडच्या आतल्या) व्हेरिएबलला हे शून्य मिळत नाही. व्हॅल्यू न देता वाचायला गेलात तर जावासी एरर देतो. सी प्लस प्लसमध्ये तसा लोकल इंट कंपाइल होतो, पण आत काय सापडेल याचा भरवसा नाही.

सी प्लस प्लसचा इंटरव्ह्यूत हमखास अडवणारा नियम वेगळाच: मेंबर (क्लासमधली व्हेरिएबल्स) तयार होतात ते डिक्लेअर केलेल्या क्रमानं, इनिशियलायझर लिस्टच्या, म्हणजे कन्स्ट्रक्टरसोबत लिहिलेल्या सुरुवातीच्या व्हॅल्यूंच्या यादीच्या क्रमानं नव्हे. कारण मला फार पटतं. कन्स्ट्रक्टर चार असू शकतात, चौघांच्या लिस्ट वेगळ्या. डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना चालणारा कोड) मात्र एकच, आणि त्याला सगळं उलट्या क्रमानं मोडायचंय. म्हणून क्रम एकच ठरलेला हवा. जीसीसी या कंपायलरला मायनस वॉल (-Wall) लावलंत तर लिस्टचा क्रम चुकल्यावर तो वॉर्निंग देतो. ती वॉर्निंग कधीही बंद करू नका.

जावाप जेडीकेसोबतच (जावाच्या डेव्हलपमेंट किटसोबत) येतं, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्येही चालेल. हळदीत एक स्टॅटिक ब्लॉक (ऑब्जेक्टसाठी नाही, क्लाससाठी एकदाच चालणारा कोड) घालून पुन्हा उघडा. जावासी त्यासाठी वेगळी मेथड बनवतो, बायटकोडमध्ये तिचं नाव सीएलइनिट (<clinit>).