एल्कच्या हंगामाआधी: जादा दोऱ्या आणि बाकीची बांधाबांध

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत धनुष्याने एल्कची, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाची, शिकार करायचा हंगाम सप्टेंबरचा. माझी बांधाबांध मात्र ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच सुरू होते, आणि ती दोरीपासून. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. त्यामुळे ही यादी इथे अमेरिकेत लायसन्स काढून साधा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) किंवा लाँगबो (लांब, सरळ धनुष्य) घेऊन रानात जाणाऱ्यांसाठी आहे. सातारा-नागपुरात मैदानावर बाण मारणाऱ्यांनाही यातलं दोरीचं काम ओळखीचं वाटेल.

बहुतेक जण एक जादा दोरी नेतात, तीही पाकीटबंद. मीही तशीच न्यायचो. चार हंगामांपूर्वी गनिसनच्या वरच्या रानात बाण भात्यात परत ठेवताना ब्रॉडहेडची, म्हणजे बाणाच्या धारदार शिकारी टोकाची, धार दोरीला लागली आणि तिचे तीन पदर कापले गेले. पाकीट फोडून नवी दोरी चढवली. संध्याकाळपर्यंत ती ताणली गेली आणि मूठ ते दोरी हे अंतर अर्ध्या इंचाने कमी झालं. बाण सुटताना फटकन आवाज यायला लागला, सरावाचे बाण वीस यार्डांवर वीतभर इकडेतिकडे जायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मादी अठरा यार्डांवर माझ्याकडे बाजू करून उभी राहिली. मी बाण सोडला नाही. तो वीतभर सरकून पोटात लागला असता, तर ते जनावर कितीतरी तास तडफडत राहिलं असतं.

तेव्हापासून माझ्याकडे दोन जादा दोऱ्या असतात आणि दोन्ही मारून तयार केलेल्या असतात. तिन्ही दोऱ्या एकाच रिळाच्या धाग्याच्या, तेवढ्याच पदरांच्या. प्रत्येकीवर पन्नास-साठ बाण मारायचे, ताण बसला की पीळ वाढवून अंतर पुन्हा जागेवर आणायचं, आणि ते हलायचं थांबेपर्यंत हेच करत राहायचं. रिकर्व्हला हे अंतर साधारण सात ते आठ इंच आणि लाँगबोला सहा ते सात इंच असतं, पण तुमच्या धनुष्याचा नेमका आकडा तुम्हीच आवाजावरून शोधलेला असणार. मग नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण अडकवायच्या जागेची खूण, बांधायचा, आवाज मारणारे लोकरीचे गोंडे पहिल्या दोरीवर आहेत त्याच जागी लावायचे. गोंडे राहिले तरी बाणाचा वेग बदलतो. हे काम रानात, थंडीने आखडलेल्या बोटांनी करायचं नाही.

दोरी उतरवली की दोन्ही टोकांचे फास लगेच एकत्र बांधून टाका. फास मोकळे राहिले की पीळ उलगडतो आणि महिनाभराची मेहनत पिशवीतच वाया जाते. मी साधी सेफ्टी पिन लावतो, अंतराचा आकडा चिठ्ठीवर लिहितो आणि दोन्ही वस्तू झिपच्या पिशवीत ठेवतो. एक दोरी अंगावरच्या खिशात, दुसरी कॅम्पवर. जुनं धनुष्य असेल आणि त्याची टोकं मजबूत केलेली नसतील, तर डॅक्रॉन या थोड्या ताणल्या जाणाऱ्या धाग्याचीच दोरी वापरा. न ताणल्या जाणाऱ्या नव्या धाग्याच्या झटक्याने अशी टोकं फुटतात.

दोरीच्या पिशवीतच मधमाशीच्या मेणाचा तुकडा, सर्व्हिंगचा (दोरी झिजू नये म्हणून तिच्यावर गुंडाळतात तो) थोडा दोरा आणि दात साफ करायचा फ्लॉस असतो. सर्व्हिंग सुटलं किंवा नॉकिंग पॉइंट सरकला, तर फ्लॉसने दहा मिनिटांत काम भागतं. धनुष्याला दोरी चढवायचा स्ट्रिंगर विसरू नका. पाय घालून दोरी चढवताना पातं (मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग) पिळवटतं, आणि एकदा पिळवटलेलं पातं सरळ करणं फार कठीण. तीन तुकड्यांचं टेकडाउन धनुष्य असेल, तर एक जादा बोल्ट आणि त्याची षट्कोनी चावी. विमानाने जात असाल, तर धनुष्य आणि बाण चेक-इनच्या सामानात, ब्रॉडहेड झाकून. गाडीने जात असाल, तर उन्हात उभ्या गाडीत लॅमिनेटेड धनुष्य ठेवू नका, उष्णतेने त्याचे थर सुटतात.

बाण बारा. सहा भात्यात, सहा कॅम्पवर. सगळे एकाच स्पाइनचे (म्हणजे सारख्याच ताठपणाचे) आणि एकाच वजनाचे. देवदाराच्या काठ्या असतील, तर दुसरं अर्धं डझन कामाला येणार हे धरूनच चाला. त्यांतल्या एकाला बोथट टोक लावा आणि रोज सकाळी तंबूपाशी कुजक्या बुंध्यात पहिला बाण त्यानेच मारा. ब्रॉडहेडला धार लावायची छोटी कानस आणि दगड हवाच. कोलोरॅडोच्या नियमांत धनुष्याला किमान 35 पौंड ओढ आणि ब्रॉडहेडला किमान 7/8 इंच रुंदी लागते. तरी त्या वर्षीची पुस्तिका वाचल्याशिवाय निघू नका.

पावसाचं वेगळं बघावं लागतं. सप्टेंबरात दुपारी ढग गडगडतात आणि टर्कीची पिसं भिजून बाणाला चिकटतात. भात्यावर घालायला प्लास्टिकची पिशवी ठेवा. कातडी हातमोजा भिजला की दोरी बोटांवरून नीट सुटत नाही, म्हणून वापरून मऊ झालेला दुसरा हातमोजा सोबत हवा, कोरा नको. 1911 मध्ये कॅलिफोर्नियात ऑरोव्हिलला आलेल्या याही या मूळ अमेरिकी जमातीच्या इशीकडून डॉक्टर सॅक्स्टन पोप धनुर्विद्या शिकले. इशी दोरीसाठी जनावराच्या कंडरा वापरायचा, आणि कंडरेची दोरी भिजली की सैल पडते. आपला धागा पाण्याने सैल पडत नाही, फक्त जड होतो, पण तेवढ्यानेही बाण खाली जातो. मेण त्यासाठीच.

हेडलॅम्पच्या जादा बॅटऱ्या, नकाशा, रक्त थांबवायची पट्टी हे सगळं तुम्ही घेणारच. पट्टी मात्र वरच्या कप्प्यात ठेवा. ब्रॉडहेड आधी आपल्याच हाताला कापतं.

कॅम्पवर पोचलात की तंबू ठोकायच्या आधी अंतर मोजा आणि पहिल्या दोरीवर तीन बाण मारा. मग ती उतरवून दुसरी चढवा, पुन्हा तीन. मग तिसरी, तिच्यावरही तीन.