प्लेऑफ लागले, राजेहो: विदर्भाच्या खेड्यांतून अमेरिकेत नवीन आलेल्यांसाठी

एप्रिलच्या मध्यात ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी, विद्यापीठाच्या लॅबमध्ये, केस कापायच्या दुकानात एकच विषय सुरू होतो: एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग, आणि तिचे प्लेऑफ, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्या. घाटंजी नाहीतर दर्यापूरकडून नुकताच आलेला आपला माणूस तिथे नुसती मान हलवत उभा राहतो, आणि समोरच्याला ते लगेच कळतं. त्यापेक्षा सरळ विचारा, ‘मी नवीन आहे, यंदा कोणती सिरीज पाहू?’ बास्केटबॉलच्या शौकिनाला असा माणूस सापडला की तो अर्धा तास सोडत नाही. तुमची ओळख तिथेच होते.

शिकायचं फार नाही. एनबीएत ३० संघ, पूर्वेचे १५ आणि पश्चिमेचे १५. ऑक्टोबरपासून प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. ते सगळे पाहणारा माणूस इथेही विरळाच. दोन्हीकडचे पहिले सहा थेट प्लेऑफमध्ये जातात. सातव्या ते दहाव्यात उरलेल्या दोन जागांसाठी प्ले-इन होतं. सातवा-आठवा भिडतात, जिंकेल तो सातव्या जागेवर. नववा-दहावा भिडतात, हरेल तो घरी. मग पहिल्या जोडीतला हरलेला आणि दुसऱ्या जोडीतला जिंकलेला, यांच्यात आठव्या जागेसाठी एकच सामना. ही भानगड उगाचची वाटते खरी, पण २०२३ साली मायामी याच मागच्या दारानं आत शिरला आणि थेट फायनलला जाऊन पोचला. तिथे डेन्व्हरनं त्याला ४-१ नं हरवलं.

पुढे चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत त्याच दोन संघांची एक सिरीज, सातपैकी चार सामने जिंकायचे. पहिले दोन सामने वरच्या क्रमांकाच्या घरी, पुढचे दोन दुसऱ्याच्या घरी, नंतर एक-एक करून आळीपाळीनं. म्हणून घरच्या मैदानावर २-० झालं तर लगेच नाचू नका. अजून पाहुण्याच्या घरी जायचं आहे. पण ३-० झालं तर खुशाल बोला. २०२५ पर्यंत ०-३ वरून एकाही संघाला सिरीज जिंकता आलेली नाही. १-३ वरून लोक परतले आहेत, फायनलमध्ये मात्र एकदाच: २०१६ साली क्लीव्हलँड, तेही त्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटविरुद्ध. हा एक दाखला तोंडपाठ ठेवा, दरवर्षी कामी येतो.

संघ कोणता धरावा? राहता त्या गावचा असेल तर दुसरा विचार नको. नसेल, किंवा तो आधीच घरी बसला असेल, तर लहान गावचा धरा. २०२५ च्या फायनलमध्ये ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना होते. म्हणजे मुंबई-पुणे घरी बसले आणि यवतमाळ-वाशिम फायनल खेळले, असं समजा. सात सामने झाले, ओक्लाहोमा सिटी ४-३ नं जिंकली. सॅक्रॅमेंटोचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, २०१३ पासून तो संघ त्यांच्या हाती आहे. पण ओळखीच्या आडनावावर भाळून संघ धरायचा तर जीव घट्ट लागतो: २०२३ ला प्लेऑफ गाठेपर्यंत सॅक्रॅमेंटोचे सलग १६ हंगाम कोरडे गेले होते.

आता पैशाची गोष्ट. नवीन माणूस हमखास एक चूक करतो: एप्रिलात लीग पास, म्हणजे एनबीएची सामने पाहायची विकतची सेवा, घेतो. अमेरिकेत लीग पासवर प्लेऑफचे सामने थेट दिसत नाहीत, कारण ते सगळे राष्ट्रीय चॅनेलांवर असतात. २०२५-२६ पासून सामने एबीसी-ईएसपीएन, एनबीसी-पीकॉक आणि ॲमेझॉन प्राइम असे तिघांत वाटले गेले आहेत. वीस-तीस डॉलरचा खिडकीच्या काचेला चिकटवायचा अँटेना घ्या, त्यावर एबीसी आणि एनबीसी फुकट येतात, आणि फायनल एबीसीवरच असते. विकत घेण्यापूर्वी मात्र तुमच्या पत्त्यावर टॉवर कोणत्या दिशेला आणि किती मैलांवर आहे ते पाहा. तळघरात राहत असाल तर अँटेना कुचकामी. बाकीचं एका महिन्यासाठी घ्या आणि घेतल्या दिवशीच पुढच्या महिन्याचं रद्द करून ठेवा. राहून गेलेल्या सामन्याचे दहाएक मिनिटांचे तुकडे एनबीएच्या यूट्यूब चॅनेलवर असतात. बोलण्यापुरतं तेवढं पुष्कळ.

सामना ४८ मिनिटांचा, १२-१२ चे चार डाव. घड्याळानं मात्र अडीच तास जातात. सगळा पाहायला वेळ नसेल तर चौथा डाव धरा. शेवटची दोन मिनिटं तर दहा-पंधरा मिनिटं चालतात, आणि नवीन माणूस वैतागून उठतो तो इथेच. काहून लांबतात ते समजलं की मजा येते.

समजा ४० सेकंद उरलेत, एक संघ चार गुणांनी मागे, आणि चेंडू पुढे असलेल्या संघाकडे. चाल पुरी करायला २४ सेकंद मिळतात, म्हणजे पुढचा संघ बराचसा वेळ नुसता चेंडू धरून खाऊ शकतो. म्हणून मागचा संघ मुद्दाम फाऊल करतो, म्हणजे चेंडूवाल्याला नियमाबाहेर धरतो. घड्याळ थांबतं. एका डावात संघाचा पाचवा फाऊल झाला की समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे कोणी आडवं न येता मारायचे एकेका गुणाचे फटके. शेवटच्या दोन मिनिटांत तर दुसऱ्याच फाऊलला. दोन्ही गेले तर फरक सहाचा, एक चुकला तर पाचचा, पण चेंडू परत आणि वेळ शिल्लक. हा जुगार आहे, बहुतेक वेळा फसतो, तरी दुसरा इलाज नसतो. उलट फरक तीनचाच असेल आणि आठ-दहा सेकंद उरले असतील, तर कधी कधी पुढे असलेलाच संघ फाऊल करतो. समोरच्यानं तीन गुणांचा फटका मारून बरोबरी करण्यापेक्षा त्याला दोन फ्री थ्रो दिलेले बरे. त्यात टाइमआऊटची भर. शेवटच्या तीन मिनिटांत प्रत्येकाला जास्तीत जास्त दोनच घेता येतात, पण शेवटच्या दोन मिनिटांत टाइमआऊट घेतला की चेंडू पुढच्या अर्ध्या मैदानातून सुरू करता येतो. म्हणून कोच ते अखेरपर्यंत जपून ठेवतात.

दुसरी पाहायची गोष्ट चेंडूपासून लांब घडते. प्लेऑफमध्ये तोच संघ दोन आठवडे समोर असतो, त्यामुळे कोणाचा बचाव कच्चा ते तिसऱ्या सामन्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मोठा खेळाडू चेंडू घेऊन उभा राहतो आणि हातानं एका साथीदाराला बोलावतो. कोणाला बोलावलं ते बघू नका, त्या साथीदाराला कोण राखत होतं ते बघा. साथीदार येऊन बांधासारखा आडवा उभा राहतो, चांगला राखणारा त्याला अडकतो, आणि क्षणभरात कच्चा गडी मोठ्या खेळाडूसमोर एकटा सापडतो. कबड्डीत रेडर कच्चा कोपरा हेरून पुन्हा पुन्हा तिकडेच जातो, तसंच. अशा गड्याला कोच बाकावर कधी बसवतो, यावर सिरीज फिरतात. सोफ्यावर बसून हे एकदा बोलून दाखवलंत की पुढच्या वेळी बोलावणं पक्कं.

कबड्डीचा विषय निघालाच तर हेही सांगा: अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली होती, आणि बास्केटबॉल पदकाचा खेळ झाला तोही त्याच ऑलिंपिकात.

कोणाच्या घरी सामना पाहायला जाताना खायला न्यायचं ते हातानं उचलता येईल असं न्या. सांबारवडी उत्तम. तर्री-पोहे नकोत, गालिचे पांढरट असतात आणि तर्रीचा डाग निघत नाही. मैदानावर जायचं असेल तर आधी जर्सी घेऊ नका, ती शंभर डॉलरच्या वर जाते, आणि प्लेऑफमध्ये कित्येक संघ खुर्चीवर फुकटचा टी-शर्ट ठेवतात. पाठपिशवी बऱ्याच ठिकाणी दारातच अडवतात. तिकिटाचा भाव पाहताना शुल्क धरून शेवटचा आकडा किती होतो तो बघा. बेटिंगची ॲप्स पहिल्या पैजेला फुकट पैसे देतो म्हणतात. गावच्या मटक्याचे आकडे घेणाऱ्याचं घर कोणाच्या पैशावर बांधलं गेलं ते आठवा आणि पुढे चला.

गावाकडच्यांना सोबत घ्यायचं तर वेळ जुळते. वेळापत्रक नेहमी न्यूयॉर्कच्या घड्याळाचं असतं. त्यात साडेनऊ तास मिळवा. रात्री साडेआठचा सामना म्हणजे गावी सकाळचे सहा. ऊन चढायच्या आत, ४५ डिग्रीच्या आधी सामना आटोपतो. भाऊ दूध घालून आला की पहिला डाव चालू असतो, कारण चेंडू उडतो तोच छापील वेळेनंतर दहाएक मिनिटांनी. कोणत्या ॲपवर भारतात थेट दाखवतात ते त्याला आदल्या दिवशी पाहून ठेवायला सांगा.

अडचण डेटाची. चांगल्या चित्राला तासाला एक जीबीहून जास्त जातो, म्हणजे रोजचा दीड जीबीचा पॅक दुसरा डाव संपता संपता खलास. ॲपात चित्राची प्रत ४८० वर आणायला सांगा, किंवा सरळ सकाळी पावणेआठ-आठला चालू करायला सांगा. चौथा डाव त्याच सुमारास लागतो आणि दिवसभराच्या व्हॉट्सॲपलाही डेटा उरतो. लाइन जायचा भरवसा नसेल तर मोबाइल रात्रीच भरून ठेवावा.

आणि एक भांडण आधीच टाळा. अँटेनावर सामना सगळ्यात आधी दिसतो, ॲपवर अर्धा-पाऊण मिनिट मागे, गावच्या नेटवर्कवर त्याहून मागे. तुम्ही ‘गेला रे आत!’ असं लिहिलं तेव्हा तिकडे चेंडू हातातच असतो. म्हणून फक्त टाइमआऊटला लिहायचं असं ठरवून घ्या.

फायनल लांबली तर मृग लागून जातो. २०२५ चा सातवा सामना २२ जूनच्या रात्री आठला झाला, गावी २३ ची पहाट, साडेपाच. पाऊस येऊन गेला असेल तर त्या वेळी घरचं कोणी फोन उचलत नाही, सगळे वावरात असतात. शेवटच्या दोन मिनिटांचा तुकडा पाठवून ठेवा आणि निकाल लिहू नका. दुपारच्या न्याहारीला सुट्टी झाली की ते धुऱ्यावर बसून बघतील.