चिलखताचा जोड वाकडा बसला? लगेच पुट्टी भरू नका, आधी या चुका टाळा

गणपतीतलं नाटक असो की शिवजयंतीची मिरवणूक, आपल्या इंदूरच्या मंडळांत हल्ली मुलं सनबोर्डाचं (पीव्हीसी फोमच्या शीटचं) चिलखत घरीच बनवतात आणि मनापासून बनवतात, पण जवळ गेलं की खांद्यावरचा किंवा बगलेखालचा जोड लगेच डोळ्यात भरतो, एक कड वर एक खाली, मध्ये फट. सिल्व्हर रंगाने ते झाकलं जाईल असं वाटतं पण होतं उलटंच, चकचकीत रंगात आणि बाजूने येणाऱ्या स्टेजच्या लाइटमध्ये एक मिलीमीटरची पायरीसुद्धा सावली टाकते. एवढी मेहनत केलेली असते हो, ती अशी वाया जाऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय.

बहुतेक वेळा गडबड गम लावायच्या आधीच झालेली असते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे शीटची जाडी हिशोबात न धरणं. अंगावर कागद गुंडाळून माप घेतलं आणि तेच ५ मिमी सनबोर्डावर कापलं, मग गरम करून वाकवलं की आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते, आणि माप टिकतं ते जाडीच्या मधोमध, म्हणून पूर्ण गोलाला साधारण १६ मिमी कमी पडतात आणि छातीच्या अर्ध्या गोलाला ८. मग हे ८ मिमी आपण जोर लावून ओढून जुळवतो, वरून फेविक्विक, आणि दुसऱ्या दिवशी जोड एका टोकाला उघडलेला. तेव्हा कापतानाच तेवढी लांबी जास्त ठेवा, उरली तर घासता येते, कमी पडली तर वाढवता येत नाही.

दुसरं, कड सरळ काटकोनात कापणं. दोन तुकडे जिथे कोनात भेटतात तिथे सरळ कडा आतून टेकतात आणि बाहेर व्हीसारखी फट पडते. ९० अंशाचा कोपरा असेल तर दोन्ही कडा ४५ मध्ये तिरप्या करा, वळण ३० अंशाचं असेल तर प्रत्येकी १५. ब्लेड नवीन हवं, जुनं ब्लेड फोममध्ये आपोआप तिरपं जातं.

आणि हे तर नक्कीच करा: आधी आकार द्या, मग जोडा. हीट गनने तुकडे वाकवून पूर्ण थंड होऊ द्या, मग गम न लावता मास्किंग टेपने सगळं चिलखत उभं करा, घालून बघा, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना ओलांडून जाणाऱ्या आडव्या खुणा दर ४-५ सेंटीमीटरवर पेन्सिलने मारा. नंबरही टाका कारण डावा-उजवा तुकडा हमखास अदलाबदल होतो. जोडताना एका टोकापासून सुरू करू नका, चूक सरकत सरकत सगळी दुसऱ्या टोकाला जमा होते. मधली खूण आधी, मग दोन्ही टोकं, मग मधलं मधलं. (सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, जास्त तापवला की त्रासदायक धूर निघतो, म्हणून हे काम गच्चीवर, गन लांब धरून.)

आता वाकडा चिकटलेलाच असेल तर? आधी बघा गम कोणता आहे, कारण उघडायची पद्धत त्यावरच.

फेविकॉल एसआरसारखा पिवळा गम असेल तर काळजी करू नका, तो गरमीने मऊ होतो. हेअर ड्रायर किंवा कमी तापमानावरची हीट गन जोडावर फिरवत राहा, एक टोक थोडं उचललं गेलं की आत पिवळ्या तारा ताणलेल्या दिसतात, त्या कटरने कापत कापत हळू पुढे जा, ओढू नका, ओढलं की सनबोर्डाची वरची पातळ साल गमाबरोबर निघून येते आणि मग कड कायमची खडबडीत होते. परत लावताना दोन्ही कडांना पातळ थर, १०-१५ मिनिटं सुकू द्या (पावसाळ्यात जास्त), बोटाला चिकटेनासा झाला की मध्ये बटर पेपरची पट्टी ठेवून खुणा जुळवा आणि पट्टी थोडी थोडी ओढून काढा. हा गम टेकला की संपलं, सरकवायला वाव नसतो, म्हणून ही पट्टी.

फेविक्विकचा जोड थंडीत ठिसूळ होतो. मनगटावरच्या छोट्या तुकड्यांना पिशवीत घालून २-३ तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग ब्लेडची धार जोडात ठेवून हलकेच टोला मारा. नेलपेंट रिमूव्हर अजिबात नको, त्यातलं अॅसिटोन एबीएस प्लास्टिक विरघळवतं आणि पीव्हीसीही मऊ करतं. आणि फेविक्विक सुती कापडाने पुसू नका, कापडावर तो इतका तापतो की चटका बसतो.

पीव्हीसी पाइपचं सोल्यूशन वापरलं असेल तर तो जोड उघडणार नाही, प्लास्टिकच विरघळून एक झालेलं असतं. बारीक करवतीने जोडावरच कापा आणि आतून त्याच शीटची २५ मिमी रुंद पट्टी लावून पुन्हा जोडा. खरं तर ही आतली पट्टी मी प्रत्येक जोडाला लावायला सांगतो.

निळ्या ड्रमचं प्लास्टिक वापरणाऱ्यांनी तर गमाचा नादच सोडावा, रिसायकलच्या त्रिकोणी खुणेत २ किंवा ५ आकडा असलेल्या प्लास्टिकला साधा गम धरतच नाही. तिथे पॉप रिव्हेट, म्हणजे भोक पाडून गनने दाबून बसवायचे धातूचे खिळे.

किती वाकडं असलं तर उघडायचं? माझ्या मते पायरी २ मिमीच्या वर असेल तर उघडाच, पुट्टीने फक्त गाठ दिसते. १ मिमीच्या आत असेल तर १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा, मग २२०, नाकाला मास्क लावून. बोटांनी घासलं तर खड्डा पडतो. मधल्या मापाला एम-सील, त्याचे दोन्ही भाग रंग एकसारखा होईपर्यंत मळून ओल्या बोटाने दोन्हीकडे लांबवर पातळ करत न्यायचं, घासायचं मात्र दुसऱ्या दिवशी. अरुंद फटीत खायचा सोडा भरून वरून फेविक्विकचे थेंब टाकले की क्षणात दगड होतो, तो लगेच घासून घ्या, नंतर फार कडक होतो आणि आजूबाजूचा सनबोर्डच आधी झिजतो.

अजून एक विचार करून बघा, सगळं चिकटवायलाच हवं का? जुन्या काळातलं चार-आईना म्हणजे छाती, पाठ आणि दोन बाजू असे वेगवेगळे पत्रे, पट्ट्यांनी बांधलेले. बगलेखाली तसे रेक्झिनचे पट्टे आणि बकल लावले तर तो त्रासदायक जोडच राहत नाही, घालायला सोपं आणि पात्राला श्वासही घेता येतो.

रंगाच्या आधी ग्रे प्रायमरचा एक हात मारा, खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च जोडाला आडवा धरा, जिथे सावली दिसेल तिथे पेन्सिलने गोल करा आणि तेवढंच परत घासा.