शिकागो एक्सप्रेस खेळताना या चुका टाळा: कंपनीची तिजोरी वेगळी, आपला खिसा वेगळा

रविवारची जेवणे उरकली की इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी सतरंजीवर पट मांडला जातो आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून शिकागोकडे रूळ सरकू लागतात. हॅरी वू यांनी रचलेला हा खेळ २००७ मध्ये विन्सम गेम्सने 'वाबाश कॅननबॉल' या नावाने काढला आणि २००९ मध्ये क्वीन गेम्सने तो 'शिकागो एक्सप्रेस' या नावाने पुन्हा प्रसिद्ध केला. त्यात फासे नाहीत, पत्ते नाहीत. तासाभरात डाव संपतो आणि जो हरतो तो आपल्याच हिशोबाने हरतो. म्हणूनच नव्याने खेळणाऱ्यांकडून त्याच त्या चुका होताना पाहिल्या की त्या वेळीच सांगाव्यात असे मनापासून वाटते.

बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. या खेळात खेळाडू रेल्वे कंपन्यांचे शेअर लिलावात घेतात आणि कंपनीचे उत्पन्न दर वाटपाला शेअरवाल्यांत लाभांश म्हणून वाटले जाते. लिलावात दिलेली रक्कम बँकेत जात नाही, ती त्या कंपनीच्या तिजोरीत जाते आणि त्याच पैशांतून पुढे रूळ टाकले जातात. आमच्याकडे पहिले काही डाव हा नियमच चुकला होता. बोलीचे पैसे आम्ही सरळ बँकेच्या डब्यात टाकत होतो. त्यामुळे एकाही कंपनीला पुढे सरकता येईना आणि खेळच रटाळ आहे असा आमचा समज झाला. तुमच्या डावातही रूळ जागच्या जागी अडत असतील, तर सर्वप्रथम हेच तपासावे.

नियम नीट कळल्यानंतरची चूक अधिक महागात पडते, ती म्हणजे आपण ज्या कंपनीचा पहिला शेअर घेतला ती कंपनी आपली मानणे. चौघांच्या डावात प्रत्येकाकडे सुरुवातीला ३० डॉलर असतात. एकदा मी पेनसिल्वेनिया रेल्वेच्या पहिल्या शेअरवर २७ डॉलरची बोली लावली आणि हातात ३ उरले. तिजोरी भरलेली असल्यामुळे कंपनी झपाट्याने वाढली व तिचे उत्पन्न १४ वर पोचले. तेवढ्यात माझ्या आतेबहिणीने लिलावाची तबकडी (खेळ्या मोजणारी चकती) फिरवली आणि म्हणाली, "दादा, पेनसिल्वेनियाचा दुसरा शेअर काढते. माझे नऊ." किमान बोलीइतकेही पैसे माझ्याकडे नव्हते आणि इतर दोघांना त्यात रस नव्हता. त्यानंतरच्या वाटपात तिला ७ मिळाले आणि मलाही ७ मिळाले. तिची रक्कम दुसऱ्या वाटपात वसूल होणार होती, माझी चौथ्या वाटपाशिवाय होणार नव्हती, आणि रूळ मात्र प्रामुख्याने माझ्याच २७ डॉलरमधून पडले होते. तेव्हापासून पहिल्या लिलावात मी दुसऱ्या शेअरपुरते पैसे मागे ठेवतो, मग हवी असलेली कंपनी हातची गेली तरी चालते.

भांडवल एकाचे आणि उत्पन्नात वाटेकरी अनेक, हा व्यवहार इंदूरकरांना तसा नवा नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले, तेव्हा पैसा संस्थानचा होता, पण रेल्वे बांधणे आणि चालवणे इंग्रजांच्या हाती राहिले. पटावर तर हे दर पाळीला घडते. एखाद्या कंपनीचा एकच शेअर ज्याच्याकडे आहे, तोही आपल्या पाळीला तिचे रूळ हवे तिकडे वळवू शकतो आणि तिजोरी रिकामी करू शकतो.

म्हणून नवीन शेअर निघाला की केवळ आपला वाटा किती घटला एवढेच पाहू नये. समजा, कंपनीचे उत्पन्न १२ आहे आणि दोन शेअर विकले गेले आहेत. प्रत्येकी ६ मिळतात. तिसरा विकला की ४ मिळू लागतील, म्हणजे दर वाटपाला २ चे नुकसान. पण तिसरा भागीदार बोलीची रक्कम तिजोरीत आणतो आणि शिवाय त्याची एक पाळीही त्या कंपनीच्या कामी येऊ शकते. एकट्याने धरून ठेवलेली कंपनी तुमच्या पाळीखेरीज हलत नाही, आणि तिजोरी रिकामी झाली तर नवा शेअर विकण्यावाचून तिला दुसरा उपाय नसतो. पेनसिल्वेनियाचे एकूण ३ च शेअर आहेत, तर न्यूयॉर्क सेंट्रलचे ६. पहिलीचा शेअर स्वस्तात गेला की तिला पैसा उभा करायला आणखी दोनच संधी उरतात. दुसरीला पैसा वारंवार मिळतो, पण लाभांशाचे तुकडे होत जातात. भागाकारात अपूर्णांक आला तर तो वर न्यायचा असतो, म्हणजे १० उत्पन्न आणि तीन शेअर असतील तर प्रत्येकी ४. हे विसरून खाली नेल्यामुळेही हिशोब चुकतात.

तबकड्यांकडे होणारे दुर्लक्ष ही त्याच तोलाची चूक आहे. लिलाव ३ वेळा, रूळ टाकणे ५ वेळा आणि विकास (पटावरच्या जागेचे उत्पन्न वाढवणे) ४ वेळा, एवढ्याच खेळ्या एका फेरीत होतात, आणि तीनपैकी दोन तबकड्या भरल्या की लगेच लाभांश वाटला जातो. म्हणजे फेरी लवकरात लवकर ७ आणि उशिरात उशिरा ११ खेळ्यांत संपते. चौघे खेळत असतील तर ७ खेळ्यांच्या फेरीत कुणा एकाला एकच पाळी मिळते. "पुढच्या पाळीला टाकतो रूळ" असे म्हणणाऱ्याची ती पाळी त्या फेरीत येतच नाही. प्रत्यक्ष खेळी न करता नुसती तबकडी फिरवण्याचीही मुभा आहे. आपल्या कंपन्या आत्ता जास्त देत असतील तर फेरी लवकर संपवण्यासाठी ती जरूर वापरावी.

शिकागो गाठण्याची घाईही तपासून पाहावी. पोचलेली कंपनी तिथल्या तिथे खास लाभांश देते हे खरे, पण पहिली कंपनी पोचली की त्याचबरोबर वाबाश या उशिरा खेळात येणाऱ्या कंपनीच्या पहिल्या शेअरचा लिलाव सुरू होतो. तिचे शेअर अवघे २ असतात. आपला हात रिकामा असताना आपणच शिकागो गाठले, तर तो शेअर आपण दुसऱ्याच्या हाती देऊन बसतो.

डावाच्या अखेरीस शेअरला काहीही किंमत नसते, मोजली जाते ती फक्त रोकड. तीन कंपन्यांचे सगळे शेअर विकले जाणे ही डाव संपण्याची एक अट आहे, म्हणून बोली लावण्यापूर्वी किती शेअर शिल्लक आहेत ते मोजावे. तुमच्या अंदाजाने दोन वाटपे उरली असतील आणि नवा शेअर धरून प्रत्येकी ५ मिळणार असतील, तर १० ही त्या शेअरची कमाल किंमत झाली. त्याच कंपनीचा आणखी एखादा शेअर निघण्याजोगा असेल, तर १० सुद्धा जास्त होतात.