एक टीव्ही, सासूबाई आणि साडेसातची सर

मालवणात आमची छोटी खानावळ आहे. टीव्ही एकच, पडवीत, आणि रिमोट सासूबाईंच्या उशाखाली. गिऱ्हाइकांची जी वेळ तीच मालिकांची. बरीच वर्षं ही कसरत केल्यावर जे जमलं ते सांगते.

आधी वेळा भिंतीवर लिहून ठेवा, त्याही पेन्सिलीने. आमच्याकडे कालनिर्णयच्या कडेला लिहिलेल्या असतात. टीआरपीचा, म्हणजे मालिका किती लोक बघतात त्या मोजणीचा, आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो, आकडे पुढच्या गुरुवारी येतात. ते पडले की वाहिनी मालिकेला उचलते आणि रात्री उशिरा, नाहीतर भर दुपारी नेऊन टाकते. प्रोमोत ‘नवी वेळ’ दिसलं की लगेच जुनी वेळ खोडा. मी एकदा आळस केला. सासूबाई साडेआठला सुपारी कातरत बसल्या, आणि समोर भलत्याच घरातलं लग्न! दोन दिवस माझ्याशी अबोला.

जाहिरातींना नियमाने तासाला 12 मिनिटांची मर्यादा आहे, त्यामुळे अर्ध्या तासात खरी मालिका 22-24 मिनिटांचीच. सुरुवातीला मागच्या भागातलंच दाखवतात, ते सोडलं तरी चालतं. मी पीठ आधी मळून ठेवते आणि ब्रेक लागला की तवा तापवते. एका ब्रेकमध्ये दोन भाकऱ्या निघतात. तिसरी थापायला घेतली की पडवीतून हाक येतेच, "गो, लागला!" मग ती करपते.

निवेदकाचा कार्यक्रम असेल तर निवेदक कधी येतो ते आधी बघा. बिग बॉस मराठीत रोजची भांडणं चुकली तरी बिघडत नाही. महेश मांजरेकरांची चावडी शनिवार-रविवारची, 2024मध्ये रितेश देशमुख आले तेव्हा तीच ‘भाऊचा धक्का’ झाली. आठवडाभराचा हिशोब तिथे एका बैठकीत कळतो. सासूबाईंना ते नाव ऐकून वाटलं, मुंबईची बोट दाखवणार. लग्नानंतर त्या मुंबईच्या त्याच धक्क्यावरून बोटीने मालवणात आल्या होत्या. ‘होम मिनिस्टर’ची गोष्ट वेगळी होती. 2004पासून 2022पर्यंत आदेश भावोजी रोज कुणाच्या तरी घरी जायचे, त्यामुळे एखादा दिवस चुकला तरी पैठणी कुणाला मिळाली एवढंच राहायचं.

आता पाऊस. जूनमध्ये सर आली की चित्राचे चौकोन होतात आणि मग पडदा काळा. छत्रीवाल्या डिशला येणाऱ्या लहरी जोरदार पाऊस शोषून घेतो, त्याला इलाज नाही. म्हणून सेट-टॉप बॉक्सच्या नावाने खडे फोडू नका, दहा मिनिटं थांबा. पण पाऊस थांबूनही चित्र आलं नाही, तर दोष आपल्याच घरी शोधायचा. खाऱ्या वाऱ्याने नट गंजतात आणि डिश बोटभर सरकते. मे महिन्यातच नटांना ग्रीस लावा, आणि एलएनबीला, म्हणजे डिशच्या पुढच्या दांड्यावरच्या डबीला, केबल जोडतात तिथे रबरी टेप गुंडाळा, नाहीतर पाणी आत शिरतं. त्यानंतर डिशच्या मागे उभं राहून ती बघते त्या दिशेला वर बघा. फ्री डिशचा उपग्रह आपल्याकडून आग्नेयेला आहे. आमच्या परसातला माड नेमका तिकडेच. गेल्या वर्षी दोनदा मेकॅनिक बोलावला, केबल बदलली, तरी वारा आला की चित्र अडखळायचं. शेवटी सासूबाईंनीच खाटेवरून बोट दाखवलं: नवी झावळ वाऱ्यावर हलून डिशच्या आड येत होती.

झावळ तोडायला माणूस सकाळीच बोलवा. संध्याकाळी सातनंतर तो येत नाही. त्याच्याही घरी मालिका लागलेली असते.